पिंगळीत आज समुद्रावर बोललो

वाचनालयातल्या मित्रांनो, आपल्या मुलांना मराठीत शिकवायला आपण सरकारकडे परवानगी मागतो आणि ती मिळत नाही. हे दुखणं आपल्या सर्वांचं आहे, म्हणून आज घडलेलं लिहून या फळ्यावर लावतो आहे.

दुपारी पिंगळीच्या महादेव मंदिरात मी समुद्रावर बोलत होतो. वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो आणि तळाचं थंड, कसदार पाणी वर येतं, एवढं सांगितलं तोच भाषणावर नजर ठेवायला आलेले पोलीस अमीनसाहेब उठले.

"बस करो, पंडितजी! नीचे का ऊपर आता बोले तो हम नहीं समझते क्या?"

मी पुढचं सांगितलं. त्या पाण्यावर असंख्य सूक्ष्म जीव पोसतात. मेल्यावर ते हळूहळू बुडू लागतात, पण तळ गाठण्याआधीच प्रवाह त्यांतल्या पुष्कळांना भर समुद्राकडे ओढून नेतो. पोसणाऱ्या किनाऱ्याच्या वाट्याला ते येतच नाहीत.

"हां, ऊपर आए सो मरके बह गए, ये अच्छा है. ये बोलो," म्हणत अमीनसाहेब हसून खाली बसले.

किराणा दुकानदार मन्मथप्पा मात्र हसले नाहीत. "गुरुजी, थोरला पुण्याला शिकायला गेला, तिकडलाच झाला. धाकट्याला उद्या गाडीत बसवायलोय. मग किनाऱ्याला काय ऱ्हातंय वो?"

मी भाषणं ठोकतो, आपण टाळ्या वाजवतो आणि मुलं गाडीत बसवतो. मला फारशी आशा उरलेली नाही.

तरी उद्या गाडी येण्याआधी मन्मथप्पांच्या दुकानी या आणि त्यांच्या धाकट्याला परवानगीविना शिकवायला तुमच्यापैकी कोण तयार आहे, ते त्यांना समोर उभं राहून सांगा.