मरणाची ओळ

आमच्या ऑर्व्हला कागदाच्या गिरणीतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण हुकूम सोडायची सवय काही गेली नाही. मी त्याची धाकटी बहीण, लुअ‍ॅन. दर मंगळवारी संध्याकाळी त्याच्या तळघरात आम्ही सहाजण टेबलाभोवती बसतो, फासे टाकतो आणि एकेक पात्र घेऊन कल्पनेतल्या राक्षसांच्या गुहांत शिरतो. गोष्ट ऑर्व्ह सांगणार, नियम तोच बघणार, कोण वाचलं नि कोण मेलं ते तोच ठरवणार. चव्वेचाळीस वर्षं हेच चाललंय. बायको गेली त्या आठवड्यातही त्याने मंगळवार चुकवला नाही. लोक म्हणाले, काय दगड आहे! दगड कसला, त्याला दुसरीकडे कुठे बसवतच नव्हतं.

या मंगळवारी आमच्यातली ब्रिटा, जनावरांच्या दवाखान्यात काम करणारी तरुण मुलगी, म्हणाली, "ऑर्व्ह, आता खेळाची नवी आवृत्ती घेऊ या ना. तुमच्या या जुन्या पुस्तकात माझी चेटकीण एक मंत्र टाकते आणि मग दिवसभर माश्या मारत बसते."

झालं! ऑर्व्हच्या अंगाचा तिळपापड. "नव्या आवृत्तीत कुणी मरतच नाही! नुसते लाड! थांब, दाखवतोच."

दाखवायचं म्हणून पठ्ठ्याने दुसऱ्या दिवशी सकाळीच गिरणीतला तपकिरी कागद भिंतीवर ठोकला. पाच आवृत्त्यांना पाच रकाने. खाली ओळी: मंत्र किती, चिलखत कसं मोजायचं, जखम कशी भरते. शेवटची ओळ, माणूस मरतो केव्हा. ती त्याने मुद्दाम शेवटी ठेवली होती, ब्रिटाची जिरवायला.

दुपारी मी उरलेले सॉसेज घेऊन गेले तर हा पेन्सिल हातात धरून भिंतीसमोर उभा.

"लू, ब्रॅनोक कसा मेला, आठवतं तुला?"

न आठवायला काय झालं? ब्रॅनोक म्हणजे गॉर्डी हाम्रेचा योद्धा. गॉर्डी ऑर्व्हचा शाळेपासूनचा जिवलग, गिरणीतही एकाच पाळीला. आठ वर्षं त्याने ब्रॅनोकला जपलं. आमच्या खेळात प्रत्येकाच्या जिवाला आकडा असतो, मार बसला की तो उतरतो. सत्त्याऐंशी साली एका विहिरीत कोळी डसला आणि ब्रॅनोकचा आकडा बरोब्बर शून्यावर आला. ऑर्व्ह म्हणाला, "मेला." गॉर्डी म्हणाला, "पुस्तक उघडून बघ." ऑर्व्ह म्हणाला, "मला नियम शिकवू नकोस. पुढे चला."

गॉर्डीने फासे गोळा केले, जिना चढला, तो पुन्हा आला नाही. पुढे तीस-बत्तीस वर्षं दोघं एकाच गिरणीत दोन टोकांना बसून डबा खात होते. दोघांचीही मला अश्शी चीड यायची.

"शून्यावर आला, मेला," मी म्हटलं.

"ते खेळाच्या पहिल्या पेटीतल्या पुस्तिकेत गं! त्या साली आपण जाड पुस्तकावर आलो होतो. त्यात शून्यावर नुसती शुद्ध हरपते. उणे दहापर्यंत कुणी मरत नाही. पट्टी बांधली असती तर वाचला असता. माझ्या डोक्यात जुनाच नियम होता, लू."

मला हसू येणार होतं, पण त्याचा चेहरा बघून गिळलं.

त्यानंतर या माणसाला घडीभर चैन नाही. झाडलेला बर्फ पुन्हा झाडला. गॅरेजमधले स्क्रू आकारानुसार लावले, परत मिसळले. सॉसेजला हात लावला नाही. दर तासाला मला फोन: "जाऊ का? नको ना? आता काय उपयोग?" कारण शनिवारी गॉर्डी घर विकून मुलीकडे ॲरिझोनाला निघाला होता, कायमचा. हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत होतं.

गुरुवारी दुपारी माझं डोकं फिरलं. "बस गाडीत!" मी ओरडले. "पुस्तक घे आणि बस! चौसष्ट वर्षांचा घोडा झालास, आता तरी तोंड उघड!"

गॉर्डीच्या दारात भाड्याचा ट्रक उभा होता, अर्धा भरलेला. तो खोक्याला चिकटपट्टी लावत होता. आम्हाला बघून त्याने मान वर केली, पण हात थांबवला नाही.

ऑर्व्ह उतरला. हॅलो नाही, काही नाही. "ब्रॅनोक मेला नव्हता. मी चुकलो होतो. नियम—"

"माहितेय मला," गॉर्डी म्हणाला. "त्याच आठवड्यात दुकानात जाऊन बघितलं. पान ब्याऐंशी."

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"मी का बोलू? पुस्तक तुझ्या मांडीवर होतं. तुला एक पान उलटायला किती दिवस लागतात, ते बघत होतो."

ऑर्व्हने तिथेच पुस्तक उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागला. दुसऱ्या ओळीलाच अडखळला. उरलेल्या तीन ओळी गॉर्डीने पुस्तकाकडे न बघता घडाघडा म्हणून टाकल्या.

"त्याला जिवंत करतो, गॉर्डी. आत्ता, इथे. जसाच्या तसा."

"ब्रॅनोक गेला खड्ड्यात! मला ब्रॅनोक नको होता रे." गॉर्डीचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्याने काही खटपट केली नाही. "मला मंगळवार हवे होते."

ऑर्व्हने पुस्तक मिटून काखेत मारलं. तो म्हणाला, "आज गुरुवार आहे."

"आहे ना," गॉर्डी म्हणाला. "टेबल अजून आतच आहे."

मी ट्रकमधून खुर्च्या उतरवायला घेतल्या.