टाके नसलेलं ऑपरेशन

जऊळक्याच्या भागिरथाबाईचं निम्मं आयुष्य धाकट्या जावेकडं बघण्यात गेलं. धुरपताबाई तिच्यामागून दोन वर्षांनी त्या घरात आली, ती लांबसडक केस घेऊनच. मग तिचीच भाकर जास्त फुगायची, तिचीच म्हैस जास्त दूध द्यायची, सूनही तिलाच शहाणी मिळाली, सुकेशनी. भागिरथाबाई बोलायची नाही, नुसती जळायची. चुलीतून धूर तरी निघतो, हिच्यातून तोही निघत नव्हता.

त्यात आजारपणसुद्धा धुरपतीलाच भारीतलं आलं. शेतात तुरी सोंगताना तिनं एकदम डोकं धरलं, भडाभडा ओकली अन् धुऱ्यावरच आडवी झाली. वाशीमच्या दवाखान्यातून तिला तसंच नागपूरला नेलं. पंधरा दिवसांनी डोक्याचं ऑपरेशन होऊन परत आली तर अर्धा गाव पाहायला. कोणी केळी आणली, कोणी बिस्किटाचे पुडे. भागिरथाबाईचे गुडघे दहा वर्षांपासून दुखत होते. त्यांना बघायला कोणी पाव घेऊनसुद्धा आलं नव्हतं.

आता आपल्याकडं एक रीत आहे. ऑपरेशन झालं की पाहायला आलेल्याला टाके दाखवायचे. पोटाचे असोत की पाठीचे, पदर बाजूला सारून बाई सांगते, "पाह्य माय, किती मोठे हायेत!" त्याशिवाय पाहणाऱ्याचं समाधान होत नाही. धुरपतीच्या डोक्यावर मात्र ना टाका, ना वस्तरा. अंबाडा जसाच्या तसा. कोणी विचारलं की ती लाजायची, पदर ओढून घ्यायची अन् म्हणायची, "झालं बाई कसंतरी."

पौर्णिमेला विहारात वंदना झाली. पांढऱ्या साड्यांतल्या बाया खीर खात बसल्या. भागिरथाबाईच्या जिभेला तेवढी जागा पुरली.

"डोक्याचं ऑपरेशन म्हन्ते अन् एक केस नाही कापला! असं कुठी असते का माय? सुनंच्या हातचं आयतं खायचं सोंग हाय हे."

बाया हसल्या. खीर त्या दिवशी फार गोड लागली.

चार दिवसांनी सुकेशनी भागिरथाबाईच्या दारात उभी. डोळे सुजलेले.

"जयभीम मोठीमाय. आई पुढच्या महिन्यात नागपूरले येत नाही म्हणून राह्यल्या. फाइल पेटीत टाकून कुलूप लावलं."

"आता कायले जायचं? झालं ना एकडाव."

"अर्धंच झालं." सुकेशनी ओट्यावर बसली. "त्यायच्या डोक्यात नसांचा गुंता हाय, जन्मापासूनचा. त्या गुंत्यात रक्त जोरानं घुसते, म्हणून तिकडं जानारी एक नस फुगली. आपल्या ठिबकच्या नळीले फुगा येते ना, तसा. तो फुगा फुटला म्हणून आई पडल्या. डॉक्टरनं जांघेतल्या नसेतून केसासारखी नळी घातली, वर डोक्यापर्यंत नेली अन् फुग्यात तारेची वेटोळी भरून तो बंद केला. पण गुंता तसाच हाय. आता त्याच रस्त्यानं जाऊन त्याच्यात गोंदासारखं औषध भरनार हायेत. नाही भरलं तर पुन्हा रक्त फुटू शकते. मंग..."

"मंग जात काहून नाही ते?"

"लोक सोंग म्हन्तात म्हणून. विहारात कोणीतरी बोललं म्हणे."

भागिरथाबाई तांदूळ निवडत होती. काढलेले खडे ती पुन्हा तांदळातच टाकू लागली.

सुकेशनी गेल्यावर ती उठली अन् गुडघे धरत जावेच्या घरात शिरली.

"धुरपते, दाखव."

"काय दाखवू?"

"जांघ."

"अवं बाई! लाज हाय का काही?"

"तुह्या तिन्ही बाळंतपणात मीच होती उशापायथ्याशी. तवा कुठी होती लाज?"

धुरपतीनं दार लावलं अन् लुगडं सरकवलं. मुगाच्या दाण्याएवढी खूण. भागिरथाबाईनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. एवढ्याशा वाटेनं गेले अन् थेट डोक्यात पोचले!

"विहारात मी बोल्ली होती," ती खूण पाहतच म्हणाली.

"माहीत हाय मले. दुसरं कोण बोलनार?"

"मंग आता?"

"जिथं बोलल्या तिथंच वापस घ्या. मंग जातो मी नागपूरले."

मान खाली घालणं भागिरथाबाईनं सासूसमोरही केलं नव्हतं. तरी रविवारी वंदना झाल्यावर ती उभी राहिली. "बायांनो, मी जळून बोल्ली होती. ऑपरेशन खरं हाय. जांघेतून केलं, मी डोयानं पाह्यलं." जांघ म्हटल्याबरोबर धुरपतीनं तोंडावर पदर घेतला. बाया मात्र सरसावून बसल्या. जांघेतून डोक्यात? कसं काय? भागिरथाबाईला मग ठिबकची सगळी नळी समजावून सांगावी लागली, अन् खरं सांगायचं तर तेवढा वेळ तिला बरंही वाटलं.

नागपूरला ती स्वतःहून संग गेली. धुरपतीला आत नेलं. पाच तास भागिरथाबाई बाहेर बाकावर बसून होती. ही गेली तर आपण जळायचं कोणावर, एवढंच तिच्या मनात फिरत होतं.

संध्याकाळी आत सोडलं. धुरपती पाय सरळ ठेवून पडली होती. हात हलत होता, बोलणं नीट होतं. नर्स म्हणाली, औषध बरोबर जागी बसलं. भागिरथाबाईनं डोळ्याला पदर लावला, ती काहीतरी चांगलं बोलणार, तेवढ्यात धुरपतीनंच डोळे उघडले.

"बाई, तुमी सकायपासून उपाशी हा ना? जेवून घ्या अगुदर."

भागिरथाबाईचं रडू तिथंच थांबलं. मरणाच्या दारातून परत आली, तरी चांगुलपणात पहिला नंबर हिचाच!