मुंजाबाचे चार शब्द

मुंजाबा मेंढ्या राखायचा आणि शिव्या द्यायचा. दोन्ही कामं त्याला सारखीच जमायची. आमचं गाव गंगापूर रोडला. शहराची प्लॉटिंग सरकत सरकत आमच्या गायरानाला भिडली, तेव्हा प्लॉटवाल्यांचे खुणेचे दगड उपटून फेकणारा हाच एक निघाला. मी त्याच रस्त्याला काळीपिवळी जीप चालवतो. त्याच्या शिव्या मीही खाल्ल्यात आणि माझी काही तक्रार नाही.

त्याचा धाकटा भाऊ हनुमान मात्र मला कधीच आवडला नाही. सोळा सालच्या दुष्काळात दोघांच्या सामाईक विहिरीलाच तेवढं पाणी उरलं होतं. मुंजाबा कळप घेऊन चाऱ्याच्या शोधात लांब गेला, आणि मागं हनुमाननं मोटार लावून विहिरीचं पाणी टँकरवाल्यांना विकलं, नव्या कॉलन्यांसाठी. मुंजाबा परतला तर तळाला चिखल. निम्मा कळप तिथंच, विहिरीच्या काठाला मेला. तेव्हापासून भावाभावांत अबोला.

पुढं तीनेक वर्षांनी मुंजाबाला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. ऐकलेलं सगळं कळायचं, तोंडातून मात्र नुसतं ‘अं अं’. गाव हळहळलं. जन्मभर त्याला टाळणारे लोक हळहळतात, याचाच मला राग आला.

हनुमानला मात्र घाई झाली. त्याच्या पोरीचं, प्रांजलीचं लग्न ठरत होतं, आणि सख्खा चुलता मांडवात नसेल तर सोयरीक नको, असं पाहुण्यांनी कळवलं होतं. आमच्यात अबोला मोडायची रीत आहे. भावकीसमोर एकानं पाण्याचा तांब्या द्यायचा, दुसऱ्यानं घोट घ्यायचा. घ्यायचा नसेल तर कारण तोंडानं सांगायचं. नुसती मान हलवलेली कोणी धरत नाही. हनुमाननं महिनाभरानंतरचा दिवस ठरवून टाकला. मुका माणूस काय कारण सांगणार?

मुंजाबाची बायको सुगंधाबाई माझ्या जीपसमोर येऊन उभी राहिली. “दवाखान्यात न्यायचं त्यायला. त्या दिवशी ह्ये बोलले पायजेत. नाय बोलले तर मेल्यागत हायेत.”

शहरातल्या दवाखान्यात मोनिका मॅडम वाचेचे व्यायाम घ्यायच्या. त्या मुंजाबाच्या डोक्याला ओले स्पंज लावायच्या, त्यातून बारीक करंट सोडायच्या आणि करंट चालू असताना फोटो दाखवून शब्द म्हणवून घ्यायच्या. “करंटनं शब्द येत नाहीत,” त्यांनी आधीच सांगितलं. “सरावाला जोर येतो, तोही कुणाला येतो, कुणाला नाही. त्यांना रोज लागणारे थोडेच शब्द धरू. फोटो तुम्ही आणा.”

फोटो सुगंधाबाईनं माझ्या मोबाइलवर काढून घेतले. विहीर. टँकर. मेंढ्या. चौथा हनुमानचा, चौकातल्या त्याच्या वाढदिवसाच्या बॅनरवरून.

“चहा, भाकरी, पाणी?” मॅडमनी विचारलं.

“त्ये त्यायनी मागायच्या आधीच देती मी,” सुगंधाबाई म्हणाली.

मला तेव्हा तिचं लई कौतुक वाटलं. रोज त्या खुर्चीत मुंजाबा घामाघूम व्हायचा. टाळूला मुंग्या येतात म्हणून डोकं खाजवायला जायचा, सुगंधाबाई हात धरायची. “म्हना. इहीर.” एकदाही तिनं त्याला दम खाऊ दिला नाही.

ठरल्या दिवशी पारावर भावकी बसली. पाहुणेही आले. हनुमाननं तांब्या पुढं केला. “दादा, घे. झालं गेलं सोड.”

कडूबा आमच्यातला वडीलधारा. तो म्हणाला, “मुंजाबा, कारण असंल तर बोल. नसंल तर घोट घे.”

मुंजाबाचा जबडा हलायला लागला. “इहीर.” बराच वेळ गेला. “टँकर.” लाळ गळली, ती त्यानं डाव्या हातानं पुसली. “मेंढ्या.” मग त्याच हाताचं बोट भावाकडं रोखलं. “हनुमान.”

कडूबानं तांब्या उचलून पाणी मातीत ओतलं. पाहुणे उठून गाडीकडं निघाले. हनुमान म्हणाला, “वयनी, ह्ये तुमी पढवलंय.” ती म्हणाली, “व्हय. खोटं हाय का?” मला इतका आनंद झाला की मुंजाबाला घरी नेताना मी रिकाम्या रस्त्यावर हॉर्न वाजवत होतो.

घरी त्याला बाजेवर टेकवलं. दुपारचं ऊन पत्र्यातून आत उतरत होतं. मुंजाबानं बायकोचा पदर ओढला. तिनं उशी सरकवली. त्यानं पुन्हा ओढला. तिनं तंबाखूची चंची दिली, ती त्यानं भिरकावली.

“टँकर,” तो म्हणाला.

“झालं आता त्ये. सांगितलं तुमी सगळ्यायला.”

“टँकर. टँकर.” त्याचे ओठ फुटले होते. सकाळपासून भावकीच्या नादात त्याला कोणी काही दिलंच नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तसं सुगंधाबाईच्या ध्यानात आलं. ती धावत माठाकडं गेली आणि तांब्या त्याच्या तोंडाला लावला. तो अर्धा अंगावर सांडत घटाघट प्यायला.

“पानी म्हना,” ती रडत म्हणाली. “पानी.”

मुंजाबानं तिच्याकडं पाहिलं, मग तांब्याकडं. जबडा बराच वेळ हलला.

“टँकर,” तो म्हणाला.