गाडीची खांदमळणी

दहाच्या आत आदिलाबादला पोचायचं होतं. मास्तरणीच्या नोकरीच्या यादीत माझं नाव लागलं होतं आणि त्या दिवशी दहाला कागद दाखवले नसते, तर माझ्या खालच्या नंबराचं नशीब उघडलं असतं! त्यात दिवस पोळ्याचा. नार्नूरकडच्या आमच्या गावाहून दोन तासांचा रस्ता, म्हणून सातलाच फाइल घेऊन गाडीत बसले. चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. बस्स, एवढंच.

गाडी जुनी, दुसऱ्याच्या हातची. बाबांनी मागच्या पोळ्यानंतर बैलजोडी विकून घेतलेली, चालवायची मी.

तोंडचं पाणी पळालं, पण डोकं शाबूत होतं. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर. हॉर्न दाबला, तर आजारी बकरीसारखा ओरडला. दिवे लावून चावी मारली, तर दिवेच विझत आले. म्हणजे बॅटरी! पण बॅटरी तर गेल्याच महिन्यात नवी टाकली होती. बाबांनी मागून ढकलून पाहिलं, पण अंगणातल्या काळ्या चिखलात चाकं हलायला तयार नाहीत. सकाळची बसही केव्हाच गेलेली.

मी बॉनेट उघडलं आणि पाहतच राहिले. बॅटरीचे दोन्ही खुंट पिवळेधम्मक! बोट लावलं, तर लोणी. वास हळदीचा.

वळले, तर बाबा जमिनीकडं पाहून राह्यले होते. मग हळूहळू सांगितलं. काल खांदमळणी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या जू ओढून सोललेल्या खांद्यांना लोणी-हळद चोळायची आणि म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. जन्मभर केलं, यंदा गोठा रिकामा. मग ते गाडीचा खांदा शोधत बसले. जोर निघतो तो खांदा, असं ठरवून बॅटरीच्या वायरी काढल्या, खुंट चांगले मळले आणि वायरी हातानंच परत दाबून बसवल्या.

"बाबा, काऊन केलं असं?" रागानं माझे डोळे भरून आले होते.

"वर्षभर तिनंच तर ओढलं ना, माय," बाबा म्हणाले.

आता यावर भांडायचं तरी काय, कपाळ! आणि वेळ कुठं होता? आईनं गंजभर गरम पाणी आणलं. मी फडकं बुडवून पिळून एकेक खुंट पुसला, कोरडा केला, पॉलिश पेपरनं चकचकीत घासला. बाबांनी पान्यानं वायरी कचकचून आवळल्या. चावी फिरवली आणि गाडी पहिल्याच झटक्यात अशी गुरगुरली, की मी स्टिअरिंगवर थापा मारत हसत सुटले. आई तर देवाला हात जोडायचं सोडून मलाच म्हणाली, पळ आता.

उटनूर गेलं, घाट गेला, एकाही ठिकाणी गाडी बंद केली नाही. कारकुनासमोर फाइल ठेवली, तेव्हा दहाला पाच कमी होते. माझी बोटं पिवळी पाहून त्यानं तेलुगूत विचारलं, पूजा करून आलात का? मी हो म्हटलं. त्यानं शिक्का मारला.

संध्याकाळी परतले, तर बाबा दारात पुरणपोळीचं ताट घेऊन उभे. आवतण दिलं होतं, जेवू घालणं आलंच. गाडीसमोर ताट धरून, आता भरवायचं कुठं म्हणून ते अवघडून गेले होते.

"झालं तुझं काम?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली. बैलाचा म्हणून काढलेला पहिला घास त्यांनी माझ्या तोंडात घातला.