गोदावन्संचा उजवा हात

माझ्या तब्येतीची गोष्ट मी आजवर शंभर बायकांना तरी सांगितली असेल. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी चार पायऱ्या चढून धापा टाकणारी बाई साठीला रोज पहाटे तळ्याला फेरी मारून येते, हे कसं काय? मग मी सांगते. चालायचं, एकदाच जेवायचं, गोड सोडायचं. पण त्यातला एक दिवस मी नेहमी गाळते. यांना सांगितला नाही, लेकीला नाही. आणि देवापुढं — देवापुढंही मी त्या दिवसाबद्दल गप्पच बसत आले. तुम्हालाच का सांगते आहे? ठाऊक नाही. तुम्ही माझ्या घरातले नाही, म्हणून असेल.

आम्ही शुक्रवार पेठेत राहत होतो. हे, माझे यजमान, हायस्कुलात मास्तर. लेक लग्न होऊन गेलेली. घरात तिसरं माणूस म्हणजे यांची धाकटी बहीण, गोदावन्सं. अकराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आल्या, त्या कायमच्या. डोईवरचे केस काढलेले, अंगावर तांबडं आलवण. सगळा स्वयंपाक त्यांच्या हातचा. कागदासारखी पातळ भाकरी थापायच्या, आणि स्वतः जेवायच्या एकदाच, दुपारी. संध्याकाळी मूठभर लाह्या, नाहीतर वाटीभर ताक. विधवेनं तसंच राहायचं, एवढंच आम्हाला माहीत. मला त्यात वावगं वाटलं नाही कधी. त्यांनी रांधायचं आणि मी खायचं, यात वावगं काय वाटणार?

त्या वर्षी माझे पाय सुजायला लागले. बसलं की उठवेना. हे मला सात रस्त्याजवळच्या एका डॉक्टरांकडं घेऊन गेले. त्यांनी लघवी तपासली, छातीला नळी लावली. लघवीतून साखर उतरते आहे म्हणाले, काळजावर चरबी चढली आहे. वजन करायला स्टेशनवरच्या मालाच्या काट्यावर उभं राहावं लागलं. एकशे ब्याण्णव पौंड. हमाल दुसरीकडं तोंड करून हसला, तेही मला दिसलं.

डॉक्टरांनी सांगितलं, भात, गूळ, बटाटा, तूप बंद. दुपारी एक भाकरी नि पालेभाजी. संध्याकाळी फक्त ताक. असं वर्षभर केलं तर जगाल.

घरी आल्यावर हे सहज बोलून गेले, म्हणजे आता तुझं नि गोदीचं एकच पान.

मला ते बोलणं झोंबलं. पण मनात असंही आलं — तिला जमतं, मग मला का नाही?

पहिल्या आठवड्यातच कळलं. भूक म्हणजे पोट रिकामं असणं नव्हे, हो. भूक डोक्यात जाते. हातात जाते. यांच्या पानातल्या भातावर तूप पडलेलं दिसलं, की ते पान उचलून भिंतीवर फेकावंसं वाटायचं. दोन तांबे मी आपटून चेपवले. एकदा मांजर दुधाच्या भांड्याला लागलं, तर त्याला अशी लाथ घातली की ते जात्यावर जाऊन आदळलं. पुढं कितीतरी दिवस तीन पायांवर चालत होतं. संध्याकाळी मी माझ्याच पोटावर मुठी मारायची. काळेनिळे डाग पडायचे.

हे सगळं वन्संनी बघितलं. मग एकदा तिन्हीसांजेला माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, ही वेळ सगळ्यात वाईट असते, वैनी, ही काढली की पुढं सोपं जातं. ओला पंचा पोटाला गच्च बांधायचा. बडीशेपेचे चार दाणे दाढेत धरायचे, चावायचे नाहीत. पाणी घोटघोट प्यायचं, एकदम नाही. तेवढा वेळ चुलीकडं पाठ करून बसायचं.

त्या असं सांगत होत्या, जसं एखादी बाई लोणच्याचं प्रमाण सांगते. मी तेव्हा एकदा तरी विचारावं की नाही — वन्सं, तुम्ही हे सगळं कधी शिकलात? अकराव्या वर्षी? बाराव्या? मी विचारलं नाही. मी फक्त पंचा बांधला. आणि खरंच, जमायला लागलं.

तीन महिन्यांत सव्वीस पौंड उतरले. पायांची सूज गेली. शेजारणी तोंडात बोटं घालायला लागल्या. मला गर्व चढला. भूक काही गेली नव्हती, नुसती दबली होती. आणि माझा हात वन्संवर सैल सुटायला लागला होता, हेही सांगायला हवं. भाजीत तेल जास्त पडलं म्हणून दंडाला चिमटा. ताक आंबट झालं म्हणून पाठीत गुद्दा. त्या नुसत्या बाजूला व्हायच्या.

मग तो दिवस. चैत्रातली दुपार होती. हे शाळेत गेले होते. मी भुकेच्या गुंगीत पडले होते. शेजारच्या कोठीच्या खोलीतून, जिथं आम्ही धान्य ठेवायचो, तिथून बारीक आवाज येत होता. कुरुम, कुरुम. मी उठून गेले.

ज्वारीच्या कणगीच्या आड वन्सं भिंतीला टेकून बसल्या होत्या. उजव्या हातात भाजलेले शेंगदाणे नि गुळाचा खडा.

काय वाटलं मला त्या वेळी? विधवा बाई चोरून खाते म्हणून धर्माचा संताप आला, असं मी पुढं स्वतःला सांगत आले. ते खोटं होतं. मला फक्त गुळाचा वास आला. सगळं तोंड पाण्यानं भरलं.

वन्सं दचकल्या नाहीत. वर माझ्याकडं पाहिलं, जरा सरकून बसल्या नि हात पुढं केला.

“घ्या वैनी. मी सांगत नाही कुणाला.”

त्या मला आपल्यात घेत होत्या, कळतंय ना? माझी भूक त्या घरात फक्त त्यांनाच कळत होती. आणि तेच मला सहन झालं नाही. मी नवऱ्याची बायको, सवाष्ण, घरची मालकीण — आणि मी हिच्या पंगतीला बसायचं?

कोनाड्यात खलबत्ता होता. मी लोखंडी बत्ता उचलला नि त्या पुढं केलेल्या हातावर घातला.

पहिल्याच घावाला मनगटात काहीतरी मोडल्याचा आवाज आला. मी ऐकला तो. ऐकूनसुद्धा दुसरा घातला. त्यांनी हात छातीशी ओढून घेतला, तर तिसरा खांद्यावर. मग पाठीवर. बत्ता हातातून निसटला, तर मी लाथा घातल्या — मांडीवर, बरगडीत. त्यांच्या डोईवरचं आलवण ओढून काढलं नि तो बोडका माथा कणगीवर आपटला. दोनदा. हे सगळं होत असताना त्या ओरडल्या नाहीत. “वैनी” एवढंच म्हणत होत्या, तेही हळू, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

माझा दम संपला म्हणून मी थांबले. दया आली म्हणून नाही.

आणि आता जे सांगायचं आहे ते मारण्याहून जड जातंय. शेंगदाणे जमिनीवर विखुरले होते. गुळाचा खडा कणगीपाशी पडला होता. त्यांच्या कपाळातलं रक्त भुवईवरून खाली येत होतं. आणि मी तिथंच उकिडवी बसले, ते शेंगदाणे एक एक करून वेचले नि खाल्ले. गुळाला माती लागली होती, ती पदरानं पुसली नि तोही खाल्ला. वन्सं बघत होत्या. मी त्यांच्याकडं बघत बघत सगळं संपवलं.

यांना मी सांगितलं, न्हाणीत घसरून पडल्या. वन्संनी मान हलवली. हे डॉक्टरांना बोलवतो म्हणाले. मी म्हटलं, कशाला, हळदीचा लेप घालते, मुरगळला आहे नुसता. डॉक्टरांनी खांद्यावरचे वळ बघितले असते, म्हणून. चार दिवसांनी हात वांग्यासारखा सुजला, तेव्हा कुठं हाडवैद्य आणला. तो म्हणाला, उशीर झाला. हाड तिरकंच बसलं. त्या हातानं वन्संना पुन्हा भाकरी थापता आली नाही.

तेवढ्यावर भागलं नाही माझं. महिन्याभरानं मी यांच्या कानावर घातलं, की गोदावन्सं चोरून खातात, आपल्या घराला हे शोभत नाही. त्या कधी बोलल्याच, तर कुणाचा विश्वास बसू नये म्हणून घातलं. यांची मान खाली गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोठीला कुलूप आणलं नि किल्ली माझ्या हातात दिली. ती मी कमरेला लावली. त्यानंतर वन्सं आठ वर्षं जगल्या. आठही वर्षं किल्ली माझ्याच कमरेला होती. त्यांनी एकदाही काही मागितलं नाही, आणि मीही आपण होऊन काही दिलं नाही.

त्या गेल्या तेव्हा मी त्यांना न्हाऊ घातलं. एकटीनं उचललं. जड लागल्या नाहीत. ते तिरकं मनगट मी आलवणात झाकलं, बायकांच्या नजरेला पडू नये म्हणून.

माझं वजन तेव्हा एकशे अडतीस पौंड होतं. साखर उतरायची थांबली होती. डॉक्टर इतर रोग्यांना माझा दाखला देत.

भुकेनं माणूस पिसाटतं, असं तुम्ही म्हणाल. मीही बरीच वर्षं मनाला तेच सांगत होते. पण मी तीन महिने उपाशी होते, आणि वन्सं चौतीस वर्षं. त्यांनी कुणावर हात उचलला नव्हता. माझ्यापुढं त्यांनी हात केला होता तो देण्यासाठी.