डाळिंबी स्वेटरचं माप

दादांचा फोन भर दुपारी आला. दादा म्हणजे माझे वडील. कामाच्या वेळेत ते कधी फोन करत नाहीत. "आक्का गेली गं... तू ये," एवढंच बोलले. वाकडच्या ऑफिसातून महाळुंग्याला पोहोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच होतं, आत्याच्या अंगातला स्वेटर कुणी काढला तर नसेल.

आत्या महाळुंग्यातच एका कंपनीत पॅकिंगला होती. लग्न मोडून आली ती आमच्याच घरी राहिली. शिफ्टच्या बसमध्ये, चहाच्या सुट्टीत, तिच्या हातात सुया असायच्याच. गावात कुणाला दिवस गेले की लोकर तिच्याकडे यायची. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, हे मी कुठंही ताठ मानेनं सांगते. पण आकुर्डीच्या कॉलेजात थंडीत मी जे मिरवायचे ते तिच्या हातचं. स्वतःसाठी मात्र तिनं कधी टाका घातला नव्हता. गेल्या दिवाळीनंतर ती चिंचवडहून डाळिंबी लोकर घेऊन आली.

"आता कुणाचं बाळ?" आईनं विचारलं.

"माझंच," आत्या म्हणाली. "तुमच्या पोरांची टोपडी विणून बोटं झिजली. आता माझं माप."

दुसऱ्यांचं विणताना तिला घाई असायची, बाळ यायच्या आत, थंडी सरायच्या आत. हे तिला उरकायचं नव्हतं. चार ओळी झाल्या की थांबायची, विणलेलं गालाला लावून बघायची आणि एकटीच हसायची. स्वेटरची पाठ पूर्ण झाल्यावर अंगाला लावली तर सैल. "हात सैल पडला," म्हणाली आणि सगळी उसवली. लोकर धुऊन दोरीवर वाळवली, टाके कमी केले, पुन्हा बसली. संक्रांतीच्या सुमाराला अंगाला लावली... पुन्हा सैल. तिला त्याचाही आनंदच. "बरं हाय की, सरतच न्हाई."

हळदीकुंकवाला बायका म्हणत होत्या, "आक्का, काय बारीक झालात, आम्हालाबी सांगा की." आत्या चक्क लाजली. माझ्या मात्र हातातलं वाण जड झालं.

"आत्या, हात सैल नाही पडत. तू कमी होतेयस. उद्या डॉक्टरकडे चल."

"गळा होऊ दे."

गळा झाला. "बाह्या होऊ देत." बोलताना तिनं सुयांवरची नजर उचलली नाही, आणि तिला कधीचंच कळलंय हे मला तेव्हा कळलं.

शेवटी दादांनी रागावून नेलं. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी त्यांना एकट्यालाच आत बोलावलं. ते बाहेर आले तेव्हा आत्या बाकावर विणत होती. काय झालं, तिनं विचारलं नाही. घरी आल्यावर मात्र होता तेवढा स्वेटर तिनं उसवून टाकला. मला वाटलं, आता आणखी लहान करणार. तिनं कपाटातून जुना ब्लाउज काढला, चांगली भरलेली होती तेव्हाचा, आणि त्याच्या मापानं टाके घातले.

"अगं, तो आता तुला..." मी म्हणाले.

"ह्या मापाची हाय मी," ती म्हणाली.

ऐन उन्हाळ्यात तो पूर्ण झाला. बाह्या दुमडून, खांदे उतरलेले, तशी ती खिडकीशी खुर्चीत बसायची. दादा वारा घालत म्हणायचे, "आक्का, उकडत न्हाई व्हय?" "माझा हाय. घालते."

मी पोहोचले तेव्हा अंघोळ घालण्यासाठी बायकांनी तो काढला होता. "तिच्यासंगं जाऊ द्या," कुणीतरी म्हणालं. दादांनी तो घेतला आणि तिच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला. अजून तिथंच आहे. डाव्या बाहीला कोपराशी तिच्या हाताचा बाक राहिलाय. आईनं तिची लुगडी, चादरी, उशीचे अभ्रे, सगळं धुऊन काढलं. स्वेटर तेवढा बादलीपर्यंत नेते आणि परत आणून ठेवते.