साहेबांचं नवं नाक

लखनौला बदली झाली आणि मी व्हिस्की समजून घ्यायला शिकलो. तोवर मी ती नुसतीच पीत होतो, सोडा घालून, खाऱ्या शेंगदाण्यांबरोबर. माझी ही अडाणी अवस्था संपवायचं मनावर घेतलं ते विकास नगरमधल्या एका मराठी साहेबांनी. ते रेल्वेत मोठ्या हुद्द्यावरचे इंजिनिअर. मी बँकेतला मधल्या फळीतला अधिकारी, तेलीबागेत भाड्याने राहणारा. ते काही माझे वरिष्ठ नव्हते. पण गावात मराठी घरं मोजकी, आणि त्यांनी बोलावलं नाही तर मला वाईट वाटायचं, म्हणून बोलावलं की मी जायचो.

त्या हिवाळ्यात साहेब आठ दिवस स्कॉटलंडला जाऊन आले. येताना एक बाटली आणि एक नवं नाक घेऊन आले. डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. दुसरा पाहुणा होता सरोजिनी नगरचा एक विमा अधिकारी. तोही मराठीच, पण साहेबांच्या प्रत्येक वाक्यानंतर 'क्या बात है' म्हणायची लखनवी सवय त्याला पुरती जडली होती.

टेबलावर पांढरं कापड अंथरलं होतं. त्यावर निमुळत्या तोंडाचे तीन ग्लास, पाण्याचा जग आणि डोळ्यांत औषध घालायचा असतो तसा एक ड्रॉपर. मी सवयीने जगाकडे हात नेला.

"अहो, थांबा!" साहेब ओरडलेच. "ही कास्क स्ट्रेंग्थ आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे पिंपातून काढली तशीच. इतर व्हिस्क्या बाटलीत भरताना पाणी घालून सौम्य करतात. हिच्यात थेंबही नाही. साठ टक्के अल्कोहोल! आणि वर पीटेड. दलदलीतली माती वाळवून जाळायची आणि त्या धुरात बार्ली सुकवायची."

"क्या बात है," विमा अधिकारी म्हणाला.

आम्ही वास घेतला. मला लहानपणचा सरकारी दवाखाना आठवला, फुटलेल्या गुडघ्यावर बोळा दाबणारा कंपाउंडर आठवला. "काय जाणवतंय?" साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, "समुद्र." कारण नुकतंच ते बाटलीच्या खोक्यावर वाचलं होतं. साहेब खूश झाले. विमा अधिकारीही लगेच म्हणाला, "समुद्रच." त्याचा जन्म अकोल्याचा.

तेवढ्यात आतून साहेबांच्या मुलीचा आवाज आला, "पापा, कुछ जल रहा है क्या?" पाठोपाठ वहिनी कणकेच्या हातांनी बाहेर आल्या आणि थेट स्विचबोर्डाजवळ जाऊन हुंगू लागल्या.

"वायर नाही, व्हिस्की आहे ती!" साहेब चिडले. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "पहिल्याच घोटात पाणी घालणं म्हणजे हिचा अपमान. ते नंतर, ड्रॉपरने, थेंबभर. मोठा घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा आणि चावायचा. असा."

त्यांनी घोट घेतला. चावलाही. मग तो कुठेतरी भलत्याच वाटेने गेला. साहेब लालबुंद झाले, डोळ्यांतून पाणी, घशातून शिट्टी. विमा अधिकारी सवयीने 'क्या बात है' म्हणून गेला. वहिनींनी जग पुढे केला, आणि व्हिस्कीचा अपमान टाळणाऱ्या साहेबांनी तो अर्धा रिकामा केला.

ते खोकत होते तेव्हा वहिनींनी त्यांचा ग्लास उचलला. "बघू तरी." त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, मीही नाही. त्यांनी वास घेतला, चमचाभर पाणी घातलं, थोडा वेळ थांबल्या आणि मग एक घोट घेतला.

"आधी धूर," त्या सावकाश म्हणाल्या. "शेजारच्या भाभी डाळीत निखारा ठेवून वर तूप सोडतात आणि झाकण लावतात ना, तसा. पाणी पडल्यावर गोडी वर आलीय, भाजलेल्या पेरूसारखी. आणि शेवटी जिभेवर काळं मीठ."

मी हळूच माझ्या ग्लासात पाणी घातलं. धूर जरा बाजूला सरकला आणि खरोखरच पेरू आला. मग तो गेला आणि मीठ राहिलं, बराच वेळ. त्या दुपारी मला चव कळली ती त्या एका घोटात.

साहेबांना आवाज फुटला. "तू पोळ्या बघ बरं. हा जरा टेक्निकल विषय आहे."

वहिनी आत गेल्या. आम्ही दोघांनी पुन्हा ग्लासात नाक घातलं.

महिन्याभराने मराठी मंडळाच्या स्नेहभोजनात साहेबांभोवती सात-आठ जण जमले होते. साहेब सांगत होते, "आधी निखाऱ्यावर तूप सोडल्यासारखा धूर येतो. मग भाजलेल्या पेरूची गोडी. पण त्यासाठी नाक लागतं! विचारा यांना, हे होते तिथे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहेबांच्या मागे वहिनी ताट घेऊन उभ्या होत्या. मी म्हणालो, "अगदी. साहेबांनी बरोबर पकडलं."

"काळं मीठ राहिलं सांगायचं," वहिनी म्हणाल्या.

"कसलं मीठ?" कोणीतरी विचारलं. वहिनींनी सांगितलं. पाणी किती घालायचं, किती थांबायचं, हेही सांगितलं. बघता बघता सगळे त्यांच्या बाजूला वळले. एक बाई म्हणाल्या, "अय्या, तुम्ही घेता?" तर वहिनी म्हणाल्या, "एकदाच घेतली. पण नीट घेतली."

साहेब म्हणाले, जरा श्रीखंडाचं बघून येतो. मी वहिनींकडे पाहायचं टाळलं आणि साहेबांच्या मागोमाग गेलो.